कोल्हापूरचीं वसतिगृहें आणि त्यांचे गृहपति

कोल्हापुरांतील दसरा चौकांत उभें राहून सभोंवार पाहिलें म्हणजे थोड्याच अंतरांत निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांचे फलक दृष्टीस पडतात. या नगरीला विद्यार्थिवसतिगृहांची जननी म्हणतात, तें येथें पटतें. जुन्या इमारतीवर बहुधा कोनशिला असते. तिच्यावर संस्थापकाचें, देणगीदाराचें आणि ज्या थोर पुरुषाच्या हस्तें समारंभ झाला त्याचें नांव कोरलेलें असतें. परंतु समारंभ आटोपून मंडळी घरोघर गेल्यावर त्याच रात्रीं तेथें कंदील लावून जो राहिला, आणि पुढें वर्षानुवर्षें राहत गेला, त्याचें नांव शिळेवर सहसा नसतें. लोक त्याला सुपरिंटेंडेंट म्हणत. मराठींत त्याला गृहपति हा सुंदर शब्द आहे. या लेखांत आम्ही त्याच्याविषयीं लिहिणार आहों. कारण वसतिगृहांचा इतिहास हा जितका दानाचा, तितकाच राखणीचा आहे असें आम्हांस वाटतें.

वसतिगृह कां लागतें हें समजण्यास त्या काळच्या विद्यार्थ्याची अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. गरीब ब्राह्मण मुलगा शिकावयास शहरांत आला, तर वार लावून जेवण्याची अगर माधुकरी मागण्याची रूढ सोय त्याला होती. ती सुखाची नव्हती. सात घरच्या अन्नाबरोबर सात घरचे बोलहि पदरीं येत. परंतु ती होती. कुणब्याच्या किंवा जैन शेतकऱ्याच्या मुलाला तीहि नव्हती. आणि महारामांगांच्या मुलाला तर शहरांत भाड्यानें खोली मिळणेंहि दुरापास्त होतें. शाळेचें दार उघडें असलें, तरी रात्रीं निजावें कोठें आणि भाकरी कोणीं भाजावी, या प्रश्नापाशीं त्यांचें शिक्षण अडून राही. १८९४ सालीं राज्याधिकार हातीं आलेल्या शाहूमहाराजांनीं हा अडसर नेमका ओळखला. १८९६ सालीं राजाराम कॉलेजाला जोडून सर्वांसाठीं एक वसतिगृह निघालें. पण नांवानें सर्वांचें असलेलें तें घर व्यवहारांत ब्राह्मण विद्यार्थ्यांचेंच होऊन बसलें. दार उघडें ठेवणें ही एक गोष्ट, आणि आंत आलेल्यास हें आपलें घर असें वाटूं देणें ही दुसरी.

तेव्हां महाराजांनीं निराळा मार्ग धरला. ज्या त्या समाजानें आपल्या मुलांचें घर आपण चालवावें, आणि दरबारानें जागा व पैसा यांचें पाठबळ द्यावें, असा तो मार्ग होता. १८ एप्रिल १९०१ रोजीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊसची स्थापना झाली. त्याच सालीं दिगंबर जैन समाजाचें बोर्डिंग निघालें. १९०६ सालीं मुसलमानांच्या शिक्षणासाठीं संस्था स्थापन होऊन तिचें अध्यक्षपद महाराजांनीं स्वतः स्वीकारलें. १९०७ सालीं वीरशैव लिंगायतांचें, १९०८ सालीं शिंपी समाजाचें नामदेव बोर्डिंग, आणि त्याच सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचें नांव त्याला दिलेलें होतें. पुढें सारस्वतांचें, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचें, अशी मालिका वाढत गेली. १९१८ सालीं शिकारींतील अपघातानें दगावलेल्या आपल्या धाकट्या पुत्राचें, प्रिन्स शिवाजींचें, नांवहि महाराजांनीं १९२० सालीं एका मोफत वसतिगृहास दिलें. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले, तेव्हां जहागिरदारापासून कष्टकऱ्यापर्यंत सर्वांच्या मुलांस कोल्हापुरांत कोठें तरी निजावयास जागा झालेली होती.

परंतु इमारत उभी करण्यास एक वेळचा पैसा पुरतो. ती राखण्यास रोजचा मनुष्य लागतो. सह्याद्रीच्या सावलींतल्या या गांवास पाऊस कांहीं थोडा नाहीं. मृग लागण्यापूर्वीं कौलांची शाकारणी झाली नाहीं, तर आषाढांत मुलांच्या वळकट्या भिजल्याच म्हणून समजावें. विहिरीचा गाळ उन्हाळ्यांतच काढावा लागतो. तुटूं आलेला रहाटाचा दोर तुटण्याच्या आदल्या दिवशीं बदलावा लागतो. पन्नास मुलांच्या घरांत जोंधळा, डाळ, सरपण आणि रॉकेल यांचा खर्च त्याच दिवशीं रोजकीर्दींत उतरला नाहीं, तर महिनाअखेर धान्य उंदरांनीं खाल्लें कीं आचाऱ्यानें नेलें, याचा निकाल लागत नाहीं. याशिवाय मध्यरात्रीं तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसावयाचें. दिवाळींत सारीं मुलें घरीं गेल्यावर ज्याला जावयास घर नाहीं, अशा एकट्या उरलेल्या पोराला आपल्या पंक्तीस घ्यावयाचें. आणि प्लेगाच्या सालांत, गांव मोकळें करून लोक माळावर झोपड्या घालून राहत तेव्हां, मागें राहिलेल्या कुलपांची काळजी वाहावयाची. ज्याचें काम चांगलें झालें म्हणजे कोणास दिसत नाहीं, आणि चुकलें म्हणजे पहिल्या सरीलाच सर्वांस दिसतें, असा हा अधिकारी आहे.

तथापि गृहपतीची खरी परीक्षा कौलांशीं नसते. ज्याच्या कमरेला घराच्या किल्ल्या, त्याच्याच हातीं घराचे नियम; आणि समाजासमाजाचीं घरें निराळीं झालीं म्हणजे त्या त्या समाजाच्या समजुतीहि राखणीच्या वस्तूंत मोडूं लागतात. याचें उदाहरण याच गांवांत घडलें. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील नांवाचा तरुण जैन बोर्डिंगांत राहून शिकत असे. त्याचा जन्म १८८७ चा. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास तो गेला होता. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून स्नान करून मग आंत यावें, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें नकार दिला, आणि त्या घरांतील त्याचें वास्तव्य संपलें, असें त्याच्या चरित्रांतून सांगितलें जातें. चालकांस दुष्ट म्हणण्याचें कारण नाहीं. देणगीदारांच्या श्रद्धा दुखावूं नयेत, आईबापांनीं विश्वासानें पाठविलेलीं मुलें रूढीबाहेर जाऊं नयेत, ही जबाबदारी त्यांस खरोखरच वाटत असली पाहिजे. त्यांनीं घराचा नियम राखला; मात्र तो राखतांना घरांतला एक मुलगा गमावला. नियम कोणासाठीं आणि घर कोणासाठीं, हा प्रश्न त्या दिवशीं एका स्नानाच्या निमित्तानें विचारला गेला.

त्याचें उत्तर देण्यास त्या मुलालाच पुढें एक घर मांडावें लागलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं भाऊरावांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें एका छपराखालीं राहत, पाणी भरीत, स्वयंपाकांत हात लावीत आणि एका पंक्तीस जेवीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं गांधीजींनीं या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव दिलें. ज्या महाराजांनीं समाजागणिक निरनिराळीं घरें उभारलीं, त्यांचेंच नांव सर्वांच्या एका घराला मिळावें, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. आधीं ज्याला घरच नव्हतें त्याला घर मिळालें. मग त्या घराच्या भिंतीहि त्याला अपुऱ्या पडल्या.

पण या नव्या घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या? भाऊराव गांवोगांव हिंडत असत. घर सांभाळलें तें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं. सोंवळ्याओंवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या त्या बाईनें सर्व जातींच्या मुलांस आपल्या चुलीपाशीं घेतलें. कोठींत धान्य नाहीं असा दिवस आला, तेव्हां एकेक दागिना गेला. आणि शेवटीं मुलें उपाशीं निजूं नयेत म्हणून मंगळसूत्रहि गळ्यांतून उतरलें. त्या काळच्या सुवासिनीला याहून कठीण नियम मोडावयाचा राहिला नव्हता. जैन बोर्डिंगाच्या दारांत जो प्रश्न अनुत्तरित राहिला होता, त्याचें उत्तर साताऱ्याच्या स्वयंपाकघरांत असें दिलें गेलें. १९३० सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्या मागें राहिलेल्या संस्थेचा विस्तार आज महाराष्ट्रभर झालेला आहे.

कोल्हापुरांतील जुन्या वसतिगृहांपैकीं अनेक शंभर वर्षें ओलांडून आजहि उभीं आहेत. त्यांच्या कपाटांतून जेथें जेथें जुन्या रोजकीर्दी, हजेरीपट आणि कोठीचीं बाडें उरलीं असतील, तेथें तीं रद्दी म्हणून न काढतां इतिहासाचीं साधनें म्हणून जपावीं, अशी आमची चालकांस विनंती आहे. कोणत्या सालीं जोंधळा महाग झाला, कोणत्या पावसांत कोणती भिंत खचली, कोणत्या मुलाची फी कोणीं गुपचूप भरली, हें त्या पानांवर सांपडण्याचा संभव आहे. कोनशिलेवर तें सांपडणार नाहीं. आणि आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे आजे-पणजे अशा एखाद्या बोर्डिंगांत राहून शिकले असतील, त्यांनीं घरच्या वडील मंडळींस एवढेंच विचारावें, कीं तेथें रात्रीं दाराला अडसर कोण लावीत असे, आणि उशीरा आलेल्या मुलासाठीं तो पुन्हां कोण काढीत असे. नांव आठवलें, तर तें लिहून ठेवावें.