जबाबदारी घेतली की कबूल केली?

‘जबाबदारी स्वीकारली’ हे दोन शब्द मराठी बातम्यांमध्ये कुठे कुठे येतात ते एकदा बघा. पक्ष निवडणूक हरतो आणि प्रदेशाध्यक्ष पराभवाची जबाबदारी स्वीकारतात. बॉम्बस्फोट होतो आणि कुठली तरी संघटना त्याची जबाबदारी स्वीकारते. नवे आयुक्त येतात आणि पदाची जबाबदारी स्वीकारतात. संघटना म्हणतेय, ‘हो, आम्हीच केलं.’ प्रदेशाध्यक्ष तसं म्हणत नाहीयेत. चूक कोणाचीही असो, बोल मला लावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आयुक्तांच्या बाबतीत तर चुकीचा प्रश्नच नाही. १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं, तेव्हा अपघात शास्त्रींनी घडवला असा अर्थ कोणीही काढला नाही. क्रियापद तेच असतं. अर्थ आपण संदर्भावरून निवडतो, आणि आपण काही निवडलंय हेही लक्षात येत नाही.

इंग्रजीतलं ‘अ‍ॅक्सेप्ट’ असंच ऐसपैस आहे. भेटवस्तू अ‍ॅक्सेप्ट करता येते, अट करता येते, चूक करता येते, नशीबही करता येतं. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात, कलम २३१ मध्ये, हे क्रियापद जर्मनीच्या तोंडी घातलेलं आहे. इंग्रजी मजकुराचा आशय असा: मित्रराष्ट्रं ठामपणे सांगतात आणि जर्मनी ‘अ‍ॅक्सेप्ट’ करतो, ती जबाबदारी, जी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांची आहे, कशाची, तर जर्मनी आणि साथीदारांनी आक्रमण करून लादलेल्या युद्धामुळे मित्रराष्ट्रांचं आणि त्यांच्या नागरिकांचं जे नुकसान झालं, ते सगळं घडवल्याची. या तहावर भारताच्या वतीने एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या आहेत. म्हणजे कागदोपत्री तरी हे वाक्य आपणही उच्चारलेलं आहे.

वाक्य लिहिणारे होते अमेरिकेचे नॉर्मन डेव्हिस आणि जॉन फॉस्टर डलेस. डलेस तेव्हा ३१ वर्षांचे वकील होते. पुढे ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले आणि वॉशिंग्टनच्या विमानतळाला त्यांचं नाव मिळालं. दोघांपुढचा पेच वकिली होता. युद्ध थांबवताना, नोव्हेंबर १९१८ मध्ये, मित्रराष्ट्रांनी जर्मनीला कळवलं होतं की नागरिकांचं आणि त्यांच्या मालमत्तेचं जे नुकसान झालं त्याची भरपाई घेऊ. पण ब्रिटन आणि फ्रान्समध्ये लोकांना युद्धाचा सगळा खर्च वसूल झालेला हवा होता. तेव्हा तोडगा निघाला तो असा: कलम २३१ मध्ये जर्मनीवर तत्त्वतः सगळ्या नुकसानीची जबाबदारी टाकायची, आणि लगेच २३२ मध्ये म्हणायचं की जर्मनीची तेवढी ऐपत नाही, म्हणून ठरावीक प्रकारच्या नुकसानीचेच पैसे घेऊ. घरमालक आधी सगळं घर रंगवून द्यायची जबाबदारी भाडेकरूवर टाकतो आणि पुढच्या ओळीत फक्त एका खोलीचे पैसे मागतो, तसं. पहिली ओळ घरमालकाच्या घरच्यांना ऐकवण्यासाठी असते.

अशा कामाला ‘अ‍ॅक्सेप्ट’ फार सोयीचं. लंडनमधल्या वाचकाला त्यात कबुलीजबाब ऐकू येईल, वकिलाला नुसतं देणं दिसेल. दोघेही खूश.

पण हे वाक्य जर्मनमध्ये आणायचं म्हटलं की ही सोय संपते. जर्मनमध्ये या एका क्रियापदाची कामं अनेक क्रियापदांमध्ये वाटलेली आहेत. ‘नेमेन’ म्हणजे घेणे. त्याला पुढे एकेक उपसर्ग लागतो: भेट किंवा प्रस्ताव घ्यायचा तर ‘आननेमेन’, पद किंवा जबाबदारी अंगावर घ्यायची तर ‘यूबरनेमेन’, इलाज नाही म्हणून सोसायचं तर ‘हिननेमेन’. ही सगळी घेण्याच्या कुळातली. इंग्रजी ‘अ‍ॅक्सेप्ट’सुद्धा त्याच कुळातलं, कारण ते ज्या लॅटिन धातूवरून आलंय त्याचा अर्थ घेणे, पकडणे असाच आहे. तहाच्या जर्मन मजकुरात मात्र यातलं एकही क्रियापद नाही. तिथे आहे ‘आनएरकेनेन’. याच्या पोटात ‘केनेन’ आहे, म्हणजे ओळखणे. ‘आनएरकेनेन’ म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे, वैध आहे, असं मान्य करणे. एखाद्या देशाला मान्यता देताना किंवा बापाने मूल आपलंच असल्याचं मान्य करताना हेच क्रियापद वापरतात.

घेण्याच्या कुळातून ओळखण्याच्या कुळात गेलं की वाक्याची रचनाच बदलते. इंग्रजीत जर्मनी ‘जबाबदारी’ हे नाम स्वीकारतो. जर्मनमध्ये जर्मनी मान्य करतो ‘की’ आपण आणि आपले साथीदार जबाबदार आहोत. हा ‘की’ छोटा दिसतो, पण त्याच्यामागे पूर्ण विधान येतं, आणि विधान खरं किंवा खोटं असतं. नाम अंगावर घेता येतं. विधानाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. शिवाय इंग्रजीतल्या ‘घडवल्याची’ या शब्दाच्या जागी जर्मनमध्ये आलं ‘ऊरहेबर’, म्हणजे कर्ता, जनक. आजच्या जर्मनीत कॉपीराइटला ‘ऊरहेबररेश्ट’ म्हणतात, कर्त्याचा हक्क. जर्मन वाचकाला ऐकू आलं ते असं: आम्ही मान्य करतो की या सगळ्याचे कर्ते आम्ही आहोत.

इथवर आलं की एक लोकप्रिय निष्कर्ष काढायचा मोह होतो: भाषांतर चुकलं, जर्मनी दुखावला, हिटलर आला. मला तो निष्कर्ष पटत नाही. पहिली अडचण, हा तह दोन भाषांमध्ये प्रमाण होता, इंग्रजी आणि फ्रेंच. आणि फ्रेंच मजकुरात जर्मनी ‘रकोनेत्र’ करतो, मान्य करतो, की तो जबाबदार आहे. हे फ्रेंच क्रियापदही ओळखण्याच्या कुळातलंच, आणि पुढे तोच ‘की’. जर्मन वाक्य फ्रेंच वाक्याच्या पावलावर पाऊल टाकत जातं. भाषांतरकाराला चूक ठरवायचं तर आधी पॅरिसला चूक ठरवावं लागेल. खरं तर फट मूळ तहातच होती. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही प्रमाण प्रतींमध्येच जर्मनी वेगवेगळं बोलत होता. दुसरं म्हणजे, आक्रमण करून युद्ध लादल्याचा आरोप इंग्रजी वाक्याच्या शेपटीत स्वच्छ लिहिलेला आहे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ कितीही मऊ वाचलं तरी ती शेपूट जात नाही.

तारखा लावून पाहिलं तर आणखी गंमत दिसते. ७ मे १९१९ रोजी व्हर्सायच्या एका हॉटेलात तहाचा मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हाती पडला. त्याच बैठकीत जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांत्साउ बोलले. बसूनच बोलले, याचा क्लेमांसोंना फार राग आला. ते म्हणाले की युद्धाचा सगळा दोष एकट्या आमचा, अशी कबुली आमच्याकडून मागितली जातेय, आणि माझ्या तोंडून ती आली तर ते खोटं ठरेल. तेव्हा ४४० कलमांचा तो ग्रंथ त्यांनी वाचलेलाही नव्हता. भाषांतर त्यानंतर, रातोरात झालं. अर्थ आधी ठरला होता, शब्द मागून आले.

मग जर्मनीने लेखी हरकती घेतल्या आणि १६ जूनला मित्रराष्ट्रांचं उत्तर गेलं. त्याच्या सोबतचं पत्र ब्रिटिश पंतप्रधानांचे सचिव फिलिप कर यांनी लिहिलं होतं, आणि त्यात युद्धाला मानवजातीविरुद्धचा सर्वांत मोठा अपराध म्हटलं होतं. डलेस आणि डेव्हिसनी जे क्रियापद मोघम ठेवलं होतं त्याचा अर्थ आता ते मांडणाऱ्या पक्षानेच पक्का केला, आणि तो जर्मन भाषांतरातल्या अर्थाहून कडकच होता.

२२ जूनला जर्मन सरकारने कळवलं की सही करू, पण जर्मन जनता युद्धाची ‘ऊरहेबर’ आहे हे त्यातून ‘आनएरकेनेन’ होत नाही. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते. तहाच्या मजकुरात ‘ऊरहेबर’ होते ते नुकसानीचे. इथे ते युद्धाचे झाले. क्रियापद तेच, नाम तेच, फक्त त्यांच्यापुढची वस्तू बदलली. हे भाषांतरकाराने केलेलं नाही; हे जर्मन सरकारने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या कागदावर केलं. मित्रराष्ट्रांनी अट फेटाळली, आणि २८ जूनला हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल यांनी आरसेमहालात विनाअट सह्या केल्या.

तरीही शब्दाचं काहीच चाललं नाही, असंही नाही. त्या कलमात ‘शुल्ड’ हा शब्द कुठेच नाही, पण जर्मनीत ते ओळखलं गेलं ‘युद्ध-शुल्ड’चं कलम म्हणून. ‘शुल्ड’ म्हणजे दोष, आणि ‘शुल्ड’ म्हणजे कर्जही. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. देणं आणि दोष एकाच शब्दात राहत असतील तर देणं नाकारायचा सरळ मार्ग दिसतो: दोष नाकारा. जर्मन परराष्ट्रखात्याने या प्रश्नासाठी वेगळा विभागच उघडला. दस्तऐवजांचे ४० खंड छापले गेले. ३० जानेवारी १९३७ रोजी हिटलरने राइशस्टागमध्ये जाहीर केलं की कलमाखालची जर्मनीची सही आपण मागे घेत आहोत.

ऑस्ट्रियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. सेंट जर्मेनच्या तहात कलम १७७ म्हणून हेच वाक्य देशाचं नाव बदलून येतं, आणि त्याच्या जर्मन मजकुरातही तेच ‘आनएरकेनेन’ आणि तेच ‘ऊरहेबर’ आहे. सर्बियाविरुद्ध पहिली युद्धघोषणा तर व्हिएन्नातूनच झाली होती. पण तिथे या कलमावरून जर्मनीसारखं वादळ उठलं नाही. व्हिएन्नाला मोडलेल्या साम्राज्याचं आणि रिकाम्या पोटाचं दुःख मोठं होतं. एकाच भाषेतलं एकच क्रियापद एका राजधानीत जखम झालं आणि दुसरीत कारकुनी मजकूर राहिलं. शब्दकोशात याचं उत्तर सापडणार नाही.

हे कलम मराठीत आणायचा प्रयत्न मी सध्या करतेय. ‘स्वीकारतो’ लिहिलं की इंग्रजीचा मोघमपणा जसाच्या तसा उतरतो, म्हणजे डलेसची युक्ती मराठीतही चालते. ‘कबूल करतो’ लिहिलं की पोलीस ठाण्याचा वास येतो. मग ब्रॉकडॉर्फ-रांत्साउ खूश. ‘पत्करतो’ मला आवडतं, कारण त्यात ओझं आहे आणि नाइलाजही आहे, पण त्यात इतकी सहानुभूती मिसळते की मूळ मसुदा लिहिणारे दोघे चकित होतील. शेवटी दोन रकाने केलेत. इंग्रजीवरून आलेल्या रकान्यात ‘जबाबदारी स्वीकारतो’, आणि फ्रेंच-जर्मनवरून आलेल्या रकान्यात ‘मान्य करतो की’. ‘ऊरहेबर’साठी ‘कर्ता’ लिहून खोडलंय. ‘कारणीभूत’ फार मवाळ होतं, ‘सूत्रधार’ फार भडक. तेवढी जागा अजून रिकामी आहे.