रांगेतले सौजन्य

संगणक एकाच वेळी अनेक कामे करतो, असे आपण सहज म्हणून जातो. प्रोसेसरच्या एका गाभ्यापुरते बोलायचे तर हे खरे नाही. तो एका क्षणी एकच काम करतो. मात्र एका कामावरून दुसऱ्या कामावर इतक्या चपळाईने जातो की आपल्याला सगळी कामे एकदम चालल्यासारखी वाटतात. गाणे वाजत असते, पत्र टंकले जात असते, मागे कुठेतरी फायलींची प्रत निघत असते. ही सारी कामे, म्हणजे संगणकाच्या भाषेत ‘प्रोसेस’, रांगेत उभी असतात. आणि रांग म्हटली की आधी कोण, हा प्रश्न आलाच.

या प्रश्नाला यंत्रे बांधणाऱ्यांनी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जी उत्तरे दिली, त्यांचा हा आढावा आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्या कामाचे प्राधान्य वाढवले म्हणून यंत्राचा वेग वाढत नाही. दिवसाचे सेकंद तेवढेच राहतात. वाट पाहण्याचे ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. म्हणून प्राधान्याचा इतिहास हा खरे तर कुणी थांबायचे, याचा इतिहास आहे.

1950 च्या दशकात हा निर्णय माणसेच घेत. मोठ्या यंत्राच्या खोलीत संशोधकाला प्रवेश नसे. त्याने आपला प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपाने खिडकीवर द्यायचा, ऑपरेटरने तो इतर गठ्ठ्यांबरोबर लावायचा आणि उत्तराचा कागद तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळायचा. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. आपल्याकडेही हा काळ येऊन गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये ‘टिफ्रॅक’ हा देशी बांधणीचा संगणक कार्यान्वित झाला आणि 1964 मध्ये तेथे सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले. बाहेरच्या संस्थांतील संशोधकही आपले काम घेऊन तेथे येत. यंत्र एक आणि गरजू अनेक, ही परिस्थिती केंब्रिजपासून कुलाब्यापर्यंत सारखीच होती.

ही कोंडी फोडण्याचा विचार 1959 मध्ये दोन ठिकाणी मांडला गेला. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी 1 जानेवारी 1959 या तारखेच्या टिपणात सुचवले की यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून तो अनेकांना एकाच वेळी वापरू द्यावा. त्याच वर्षी ब्रिटनचे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी पॅरिसच्या परिषदेत वेळेच्या वाटणीवर निबंध वाचला. मॅकार्थी यांची कल्पना प्रत्यक्षात आणली ती फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नोव्हेंबर 1961 मध्ये एमआयटीत आयबीएम 709 या यंत्रावर त्यांनी ‘कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’, अर्थात सीटीएसएस चालवून दाखवली. कॉर्बाटो यांना पुढे 1990 चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

माणसाच्या जागी आता नियम आला होता. तो नियम 1962 च्या त्यांच्या निबंधात सापडतो आणि आजही वाचण्यासारखा आहे. रांग एक नव्हे, अनेक, एकाखाली एक. छोटे काम वरच्या रांगेत लागते आणि त्याला वेळेचा छोटा तुकडा मिळतो. तेवढ्यात ते संपले नाही तर ते एक पायरी खाली उतरते. तेथे पाळी उशिरा येते, पण आली की तुकडा दुप्पट मोठा मिळतो. आणखी लांबले तर आणखी खाली. टर्मिनलवर बसलेल्या माणसाचे चुटपुट काम अशाने लगेच होते आणि तासभर चालणारे गणित मागे राहून निवांत पुढे सरकते. काम छोटे आहे की मोठे, हे यंत्र कुणाला विचारत नाही; वागणुकीवरून ओळखते.

नियम आला की पळवाटही येते. अँड्र्यू टॅननबॉम यांच्या पाठ्यपुस्तकात अशाच रांगांची एक गोष्ट आहे. टर्मिनलवर कळ दाबली की तो माणूस समोर बसून काम करतो आहे असे समजून त्याच्या प्रोसेसला वरच्या रांगेत घ्यायचे, असा नियम होता. लांबलचक गणित चालवणाऱ्या एका गृहस्थाच्या लक्षात आले की नुसते बसून दर काही सेकंदांनी उगाच कळ दाबत राहिले तर आपले काम भराभर होते. त्याने ही युक्ती मित्रांना सांगितली. पुढे काय झाले असेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही रांगेत उभे राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सिल्बरशॅट्झ आणि सहकाऱ्यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात ती अफवा म्हणूनच दिली आहे आणि तशीच घ्यावी. एमआयटीतील आयबीएम 7094 हे यंत्र 1973 मध्ये बंद केले, तेव्हा त्यात 1967 मध्ये दाखल केलेले एक कमी प्राधान्याचे काम सापडले म्हणे. सहा वर्षांत त्याची पाळीच आली नव्हती. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातली भीती खरी आहे. वरून सतत नवी कामे येत राहिली तर तळाचे काम कायमचे अडकू शकते. या अवस्थेला संगणकशास्त्रात शब्दच ‘उपासमार’ या अर्थाचा आहे. त्यावरचा तोडगाही मानवी आहे: जो जितका जास्त काळ थांबला, त्याला तितकी बढती द्यायची. ताटकळण्यालाही काही मोल असते, हे यंत्राला शिकवावे लागले.

आता आपण या इतिहासातल्या सर्वांत गोड शब्दाकडे येतो. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतच ‘नाइस’ नावाची आज्ञा आली. नाइस म्हणजे सौजन्यशील, भला. प्रत्येक प्रोसेसला सौजन्याचा एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस भली, म्हणजे इतरांना वाट देणारी. आज लिनक्समध्ये हा आकडा उणे 20 पासून 19 पर्यंत असतो आणि काहीच सांगितले नाही तर शून्य. नवख्या माणसाला येथे ठेच लागते, कारण मोठा आकडा म्हणजे मोठे प्राधान्य असे त्याला वाटते. शब्दाचा अर्थ लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. भला माणूस रांगेत मागे राहतो.

‘नाइस’ने काम सुरू करतानाच आकडा ठरवता येतो. चालू असलेल्या प्रोसेसचा आकडा बदलण्यासाठी बर्कलेच्या युनिक्समध्ये 1980 च्या सुमारास ‘रिनाइस’ ही आज्ञा आली. दोन तासांपूर्वी लावलेले गणित सगळ्यांना जड जाते आहे असे दिसले, तर ते न थांबवता मागच्या बाकावर बसवता येऊ लागले.

मात्र या दोन्ही आज्ञांमागे एक नियम आहे आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. सामान्य वापरकर्ता आपला सौजन्याचा आकडा वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. मागे सरकायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे जायला यंत्राच्या व्यवस्थापकाचा, म्हणजे ‘रूट’चा अधिकार लागतो. इतकेच नव्हे, तर पारंपरिक नियमानुसार एकदा 10 वर गेलेला माणूस स्वतःच्या मर्जीने पुन्हा शून्यावरही येऊ शकत नाही. दुसऱ्याच्या प्रोसेसला तर त्याला हातच लावता येत नाही. नियम कठोर वाटतो, पण उलटा विचार करून पाहावा. पुढे जाणे सर्वांना खुले असते तर प्रत्येकाने उणे 20 लावले असते आणि सगळे पुन्हा होते तिथेच उभे राहिले असते. ‘बळी तो कान पिळी’ होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे.

जेथे यंत्र एकाच ध्येयासाठी चालते, तेथे मात्र सौजन्याला जागा नसते. 20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने 1202 आणि 1201 या आकड्यांचे धोक्याचे इशारे अनेकदा दिले. कक्षेतल्या यानाशी पुन्हा जोडणी करताना लागणारे रडार उतरण्याच्या वेळी निष्कारण संकेत पाठवत होते आणि संगणकाचा वेळ खात होते. कामे साचली आणि जागा संपली. पण एमआयटीच्या प्रयोगशाळेत हॅल लेनिंग यांनी आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक कामाला प्राधान्याचा क्रमांक होता. संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले, यान सावरण्याची आणि इंजिनाची कामे धरून ठेवली आणि कमी महत्त्वाची सोडून दिली. आधी लगीन कोंढाण्याचे, हा विवेक त्या यंत्रात आधीच भरून ठेवलेला होता. यान सुखरूप उतरले.

प्राधान्याचे क्रमांक नेमके लावूनही घात होऊ शकतो, हे 1997 मध्ये मंगळावर दिसले. 4 जुलै रोजी उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक काही दिवसांनी अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण असे निघाले: हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने सामायिक साधनाचे कुलूप धरले होते. माहितीची ने-आण पाहणारे वरच्या प्राधान्याचे काम त्या कुलपासाठी थांबले. तेवढ्यात मधल्या प्राधान्याची कामे आली आणि त्यांनी खालच्या कामाला बाजूला सारले. खालचे पुढे सरकेना, म्हणून कुलूप सुटेना, म्हणून वरचे अडकलेले. वरचे काम वेळेत झाले नाही हे पाहून पहारा देणाऱ्या घड्याळाने सारे यंत्र पुन्हा सुरू केले.

याला प्राधान्याचा व्युत्क्रम म्हणता येईल. त्यावरचा उपाय लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी 1990 च्या निबंधात सविस्तर मांडला होता. वरचा जोवर खालच्यासाठी थांबला आहे, तोवर खालच्याला वरच्याचे प्राधान्य उसने द्यायचे. काम झाले, कुलूप सुटले, की ज्याचे त्याला परत. ही सोय यानाच्या प्रणालीत होती, पण त्या कुलपापुरती बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून पाहिला आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. तळाच्याला अडवले तर शिखरावरचाही अडकतो, हा धडा केवळ यंत्रांपुरता नाही.

पृथ्वीवर यादरम्यान वाद वेगळाच चालू होता. लिनक्स मोठमोठ्या सर्व्हरवर उत्तम चाले, पण घरच्या संगणकावर गाणे अडखळे, माउस रेंगाळे. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास हे पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. त्यांनी आपल्या हौसेने हा प्रश्न हाती घेतला आणि वेळेची न्याय्य वाटणी केली तर अनेक क्लृप्त्यांची गरजच उरत नाही, हे 2007 मध्ये आपल्या शेड्यूलरने दाखवून दिले. त्याच वर्षी इंगो मोल्नार यांनी त्याच दिशेचा स्वतःचा शेड्यूलर लिहिला आणि कोलिव्हास यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले. ऑक्टोबर 2007 च्या लिनक्स 2.6.23 मध्ये मोल्नार यांचा ‘कम्प्लीटली फेअर शेड्यूलर’ आला. कोलिव्हास त्या कामातून बाजूला झाले; 2009 मध्ये ते नव्या शेड्यूलरसह परतले, पण मुख्य लिनक्समध्ये तो कधी गेला नाही. रांगेचा न्याय लिहिणाऱ्यांचीही एक रांग असते.

या नव्या पद्धतीत प्रत्येक प्रोसेसला जणू स्वतःचे घड्याळ असते आणि ज्याचे घड्याळ सर्वांत मागे, त्याची पाळी आधी. सौजन्याचा आकडा मोठा असेल तर घड्याळ भरभर पळते, म्हणून पाळी उशिरा येते. प्रत्येक आकड्याला वजन आहे: शून्याला 1024, एकाला 820, 19 ला फक्त 15. शून्य आणि एक अशा दोन भुकेल्या प्रोसेस शेजारी आल्या तर वेळ साधारण 55 आणि 45 टक्के वाटला जातो. शून्य आणि 19 आल्या तर दुसरीच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का. पण पहिली झोपली असेल तर हीच दुसरी सगळा वेळ वापरते. सौजन्याने नुकसान होते ते गर्दीत. रिकाम्या यंत्रावर भल्या माणसाला काहीच गमवावे लागत नाही. ऑक्टोबर 2023 च्या लिनक्स 6.6 मध्ये या शेड्यूलरची जागा आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांच्या 1995 च्या निबंधावर आधारलेल्या पद्धतीने घेतली. वजने मात्र तीच राहिली.

एक बदल मात्र येथे नोंदवायला हवा. 2011 च्या लिनक्स 2.6.38 पासून प्रोसेसचे गट आपोआप पाडण्याची सोय आली. ती चालू असेल तर वेळ आधी गटांत वाटला जातो आणि सौजन्याचा आकडा मुख्यतः आपल्याच गटात मोजला जातो. एका खिडकीत कामाला 19 लावले तरी दुसऱ्या खिडकीतल्या कामाला त्याचा फारसा लाभ होत नाही. भाड्याच्या यंत्रांवर तर कुणाला किती वाटा, हे बहुधा घेतलेल्या योजनेच्या पैशांवर आधीच ठरलेले असते. त्याने भांडणे कमी झाली, हे मान्यच करायला हवे. पण ‘नाइस’ हा शब्द ज्यांनी योजला, त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच इमारतीतली, एकच यंत्र वापरणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे होती. रात्रभर चालणारे गणित लावताना शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याची आठवण ठेवा, एवढेच त्या आज्ञेचे सांगणे होते. ती आज्ञा आजही जवळजवळ प्रत्येक युनिक्सच्या आणि लिनक्सच्या यंत्रात आहे आणि वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.