मराठी कादंबरी : लोकपरंपरा आणि अभिजात परंपरा

मराठी कादंबरीने आकार इंग्रजी नमुन्यांवरून घेतला, नाव मात्र बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकाव्यावरून. बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (1857) विधवांच्या दुःखाचे वास्तव होते, चारच वर्षांनी आलेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ अद्भुताकडे वळली.

अभिजात आणि लौकिक या धारा लोकांच्या सांगण्यात वेगळ्या राहत नाहीत. कल्याणजवळच्या मोहने गावाचे स्थानक आंबिवली, त्यापुढचे टिटवाळा. तिथला गणपती शकुंतलेने पुजला, कण्वांचा आश्रम तिथेच होता, अशी आख्यायिका आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराशी थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव जोडतात. म्हणजे महाभारतातली शकुंतला आणि रणजित देसाईंच्या ‘स्वामी’चा (1962) नायक एकाच देवळाच्या गोष्टीत भेटतात.

महाभारताने कादंबरीला कथानके दिली, पण सांगण्याची रीत कादंबरीने बदलली. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णाची कथा सहा जण सांगतात.

लोकपरंपरेचे ऋण याहून खोल आहे. अण्णा भाऊ साठे मुळात शाहीर. त्यांच्या ‘फकिरा’त (1959) गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी पळवून आणणाऱ्या राणोजीचे, फकिराच्या बापाचे, धाडस पोवाड्याच्या आवेशात येते आणि तोच आवेश पुढे मांगवाड्यातल्या बंडखोर फकिराला नायकपण देतो. राजन गवसांनी यल्लमाच्या जोगतिणींवरील कादंबरीला त्यांच्या वाद्याचेच नाव दिले : ‘चौंडकं’. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर मध्येच बखरीच्या धाटणीत बोलू लागतो. वातावरणासाठी चार ओव्या पेरल्याने हे साधत नाही. परंपरा निवेदनात मुरावी लागते.

गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ याचा उत्तम दाखला. कर्नाळा परिसरातल्या ठाकरांचा ढोल, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीशी नाग्याचे वैर हे सारे वगळले तर तिथे कथाच उरत नाही. 1977 साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला आणि ती घरोघरी पोचली. कल्याणला जन्मलेल्या र. वा. दिघे यांना तेवढे भाग्य लाभले नाही. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने खोपोलीजवळ शेती केली आणि ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांत शेतकऱ्याचे जग उभे केले. कल्याण-मोहन्याच्या वाचकांनी तरी आपल्या मातीतला हा कादंबरीकार पुन्हा वाचावा. सुरुवात ‘पाणकळा’पासून करावी.