कमी खर्चात बाहेरचा फ्लॅश निवडताना

घरातल्या बारशाचे किंवा साखरपुड्याचे फोटो पाहताना एक तक्रार हमखास ऐकू येते. चेहरे पांढरेफटक, डोळे लाल, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली आणि तिच्यापलीकडे नुसता अंधार. दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि नव्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. वास्तविक बहुतेक वेळा दोष असतो तो कॅमेऱ्यातच बसवलेल्या चिमुकल्या फ्लॅशचा. तो लेन्सला अगदी लागून असतो, त्याचा प्रकाश थेट समोरून आदळतो आणि त्याची शक्तीही बेताचीच असते. नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या थोड्या अंशात मिळणारा बाहेरचा फ्लॅश हे दुखणे बरे करू शकतो. मात्र बाजारात मिळणारा प्रत्येक स्वस्त फ्लॅश प्रत्येक कॅमेऱ्यावर चालतोच असे नाही, आणि चालला तरी हवे ते काम करीलच असेही नाही.

सर्वांत आधी पाहायचे ते फ्लॅशचे डोके वळते की नाही. शक्ती कमी असली तरी एक वेळ चालेल; पण न वळणाऱ्या डोक्याचा फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्यातल्याच फ्लॅशची मोठी आवृत्ती. डोके छताकडे वळवले की प्रकाश पांढऱ्या छतावर आपटून पसरतो आणि वरून, मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. सावली मागच्या भिंतीवर न पडता खाली उतरते. काही स्वस्त फ्लॅशचे डोके केवळ वर उचलता येते, बाजूला फिरत नाही. कॅमेरा आडवा धरला आहे तोवर हे खटकत नाही. उभा फोटो घेण्यासाठी कॅमेरा वळवला की तेच डोके छताऐवजी बाजूच्या भिंतीकडे पाहू लागते. म्हणून वर आणि बाजूला अशा दोन्ही दिशांना फिरणारेच डोके घ्यावे.

अर्थात छतही साथ देणारे हवे. कोकणातल्या कौलारू घरात किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीखाली वर सोडलेला प्रकाश परत येतच नाही. मंगल कार्यालयात केशरी वा गुलाबी कापड ताणलेले असेल तर तोच रंग नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर संगणकावर तो काढताना नाकी नऊ येतात. अशा ठिकाणी बाजूची पांढरी भिंत शोधावी. तीही नसेल तर डोक्याच्या मागे रबर बँडने एक पांढरा पुठ्ठा बांधून प्रकाश पुढे वळवावा. या उपायाला खर्च जवळजवळ नाही.

शक्तीचा हिशेब

फ्लॅशची शक्ती गाइड नंबरने सांगितली जाते. आयएसओ १०० असताना या आकड्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागले की प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. गाइड नंबर १२ असेल आणि अ‍ॅपर्चर एफ ४ असेल, तर पल्ला ३ मीटरचा. कॅमेऱ्यातले फ्लॅश साधारण याच पट्ट्यात असतात. आयएसओ १०० वरून ४०० वर नेला की हा पल्ला दुप्पट होतो.

इथेच ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. आधुनिक फ्लॅशचे डोके झूम होते, म्हणजे प्रकाश रुंद पसरवता येतो किंवा अरुंद झोतात गोळा करता येतो. झोत जितका अरुंद, तितका गाइड नंबर मोठा. त्यामुळे खोक्यावर छापलेला आकडा कोणत्या झूमला मोजला आहे हे पाहिल्याविना त्याला अर्थ नाही. कॅननच्या ४३०ईएक्स मालिकेतील फ्लॅशचा आकडा ४३ सांगितला जातो आणि निकॉनच्या एसबी-७०० चा २८. वाचणाऱ्याला वाटावे की पहिला दीडपट बलवान आहे. पण ४३ हा आकडा १०५ मिलिमीटरच्या झूमचा आहे आणि २८ हा ३५ मिलिमीटरचा. दोन्ही ३५ मिलिमीटरला तोलले तर ३१ आणि २८ असा किरकोळच फरक उरतो. गोडॉक्सच्या टीटी६०० सारख्या स्वस्त फ्लॅशवर ६० असा भरघोस आकडा दिसतो तोही २०० मिलिमीटरच्या अरुंद झोताचा. दिवाणखान्यातल्या फोटोंशी त्याचा काहीही संबंध नाही.

मग किती शक्ती पुरेशी? तीन मीटर उंच छताची खोली आणि अडीच मीटरवर बसलेली व्यक्ती धरली, तर छतावरून येणाऱ्या प्रकाशाची वाट सुमारे चार मीटरची होते. छत आणि पसरणे यांत साधारण तीन चतुर्थांश प्रकाश वाया गेला असे मानले, तर गाइड नंबर निम्म्यावर येतो. ३५ मिलिमीटरला ३० असलेला फ्लॅश आयएसओ ४०० वर अशा खोलीत एफ ७ पर्यंत पुरतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सला एफ ५.६ लागते, म्हणजे हाताशी थोडी शिल्लकही राहते. सहा मीटर उंच छताच्या कार्यालयात मात्र तोच फ्लॅश आयएसओ ४०० वर एफ ३ च्या आसपास दमतो आणि आयएसओ १६०० पर्यंत चढावे लागते. घरापुरते काम असेल तर याहून मोठ्या फ्लॅशवर पैसे घालणे अनाठायी ठरते.

स्वयंचलित की हाताने?

किमतीतला मोठा फरक पडतो तो टीटीएल या सोयीमुळे. टीटीएल फ्लॅश फोटोच्या क्षणभर आधी एक छोटा झोत टाकतो, लेन्समधून परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि खऱ्या झोताची मात्रा ठरवतो. साध्या फ्लॅशमध्ये ही मात्रा पूर्ण, निम्मी, पाव अशी हाताने ठरवावी लागते. फिल्मच्या काळात यासाठी कोष्टके पाठ करावी लागत. आता एक फोटो घेऊन पडद्यावर पाहिले की अंदाज येतो. तरीही अक्षता टाकण्याच्या गर्दीत, माणसे क्षणोक्षणी जवळ-दूर होत असताना, बटणे दाबत बसणे शक्य नसते. कौटुंबिक समारंभ हे मुख्य काम असेल तर थोडे अधिक मोजून टीटीएलच घ्यावा. दागिने, साड्या, खाद्यपदार्थ अशा विक्रीच्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्याला मात्र एका टीटीएल फ्लॅशपेक्षा हाताने चालणारे दोन स्वस्त फ्लॅश अधिक उपयोगी पडतात.

असे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवायचे तर ते पेटवण्याची पद्धत पाहावी. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारे स्वस्त असतात. पण लग्नात पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनीही ते पेटत राहतात आणि ऐन वेळी त्यांची शक्ती संपलेली असते. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा ग्राहक फ्लॅशमध्येच असेल तर ही कटकट उरत नाही.

कॅमेऱ्याशी जुळणी

टीटीएल प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. निकॉनसाठी बनवलेला फ्लॅश कॅननवर पेटला तरी हाताने चालवावा लागतो. सोनीने २०१२ मध्ये फ्लॅश बसवण्याची खाचच बदलली, त्यामुळे त्याआधीचे फ्लॅश नव्या कॅमेऱ्यांवर जोडणीच्या तुकड्याशिवाय बसत नाहीत. कॅननच्या बाबतीत गोष्ट अधिक फसवी आहे. १५००डी, ३०००डी आणि २००डी दुसरी आवृत्ती या २०१८-१९ मध्ये आलेल्या, नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच नाही. फ्लॅश खाचेत व्यवस्थित बसतो, दिवा लागतो. पण केवळ त्या बिंदूवर अवलंबून असलेला स्वस्त फ्लॅश या कॅमेऱ्यांवर पेटत नाही. ज्यांना स्वस्त फ्लॅशची गरज सर्वाधिक, नेमकी त्यांचीच ही कोंडी. या कॅमेऱ्यांसाठी कॅननच्या टीटीएल पद्धतीशी जुळणारा फ्लॅशच घ्यावा आणि तोही दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर चालवून पाहावा.

घरात पडून असलेला किंवा जुन्या बाजारात मिळालेला फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश मोह घालतो, पण त्यात धोका आहे. व्हिव्हिटार २८३ सारख्या जुन्या फ्लॅशच्या काही नगांत संपर्कबिंदूंवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. काही डिजिटल कॅमेरे तो सोसतात, तर सुरुवातीच्या काळातील अनेकांची मर्यादा अवघी ६ व्होल्टची आहे. फ्लॅश पूर्ण भारित करून, मधला बिंदू आणि कडेची पट्टी यांच्यात मल्टिमीटर लावून दाब मोजल्याखेरीज असा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नये. तो उघडून पाहण्याचा उद्योगही टाळावा; बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

खर्चाच्या अंदाजात सेल धरायला विसरू नये. बहुतेक स्वस्त फ्लॅशना चार पेन्सिल सेल लागतात. एकदाच वापरायचे सेल थोड्या वेळात मंदावतात आणि दोन झोतांमधली प्रतीक्षा वाढत जाते. पुन्हा भारित होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे दोन संच आणि बरा चार्जर घेतला की समारंभभर चिंता नसते. पूर्ण शक्तीने लागोपाठ झोत टाकल्यास डोके तापते. वीस-पंचवीस झोतांनंतर काही मिनिटे विश्रांती द्यावी. पावसाळ्यात फ्लॅश कपाटात राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा सेल घालून पाच-सहा वेळा तो पेटवावा, म्हणजे कपॅसिटर कार्यक्षम राहतो.