खानदेशातील हजेरी

पेशवाईचा अस्त होऊन १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, त्यानंतर दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी नव्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची कर्तव्ये मोठ्या बारकाईने नोंदलेली आहेत: रात्री पहारा करावा, गावात कोण आला व कोण गेला याचा माग ठेवावा, परक्या इसमावर नजर असू द्यावी आणि संशयिताची वर्दी पाटलास द्यावी. खानदेशात या राखणदारास जागल्या म्हणत व तो बहुधा भिल्ल असे. साऱ्या गावाची खबर ठेवणाऱ्या याच मनुष्याची जमात सरकारच्या लेखी सर्वांत संशयास्पद ठरावी, ही त्या राज्यव्यवस्थेतील विलक्षण विसंगती होय. डोंगरातील भिल्लांचे उठाव शमेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रॅमने भिल्लांचीच पलटण उभारली व धरणगावी तिचे ठाणे बसले. जागल्याच्या पहाऱ्याचा जाच कुणाला होत नसे असे मुळीच नाही; परंतु पाहणारा कोण, हे ज्याच्यावर नजर असे त्यास निदान ठाऊक असे.

१९०६ मध्ये जिल्हा विभागून पूर्व खानदेशाची कचेरी जळगावी व पश्चिम खानदेशाची धुळ्यास राहिली, आणि पाचच वर्षांनी, म्हणजे १९११ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने होऊन मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. नोंद झालेल्या इसमाने ठरल्या वेळी जातीने हजर व्हावे, मुक्काम कळवावा, आणि मुक्काम हलवण्याचा वा गैरहजर राहण्याचा नुसता मनसुबा असला तरी तोही कळवावा, असे फर्मावण्याची मुभा त्यात होती. फासेपारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी आलेली ही हजेरी मुंबई प्रांतात १९४९ पर्यंत चालली. देशभरातून तो कायदा १९५२ मध्ये गेला.

२००९ साली व्हॉट्सअ‍ॅप निघाले ते मुळी निरोपांसाठी नव्हेच, तर आपण कामात आहोत की मोकळे, एवढेच परिचितांना कळावे म्हणून. आता धुळ्याच्या देवपुरातील एखादी शिक्षिका रात्री सव्वाबाराला आईचा निरोप पाहण्यापुरता फोन उघडते, तर सकाळी शाळेत ‘काय बाई, रात्री बराच वेळ जाग्या होतात!’ अशी विचारणा होते, आणि जळगावची नणंद ‘ऑनलाइन होतीस, मग मला उत्तर का नाही?’ म्हणून रुसते. चावडीवरच्या हजेरीला निदान वेळ नेमलेली असे. ही हजेरी अष्टौप्रहर लागते, आणि तिचे दप्तर कोणी किती वेळा चाळले, याचा पत्ता हजेरी देणाऱ्यास लागत नाही.

‘लास्ट सीन’ झाकता येते, पण जो आपले झाकतो त्यास दुसऱ्याचेही दिसत नाही. आणि आपण ऑनलाइन असल्याचे लपवण्याची सोय तर २०२२ मध्ये आली. तिचा उपयोग आमच्याकडच्या एकत्र कुटुंबांत किती होणार, याविषयी मी साशंक आहे, कारण वेळ झाकणे हीच तेथे कबुली मानली जाते. ‘लपवतेय म्हणजे काहीतरी आहेच’ हा निवाडा सासूबाई चहा गाळता गाळता देऊन टाकतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणास एकमुखाने मूलभूत हक्क ठरवले, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. मात्र व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीस तो लागू नाही, तेव्हा नणंदेने टिपून ठेवलेल्या सव्वाबाराविरुद्ध त्या कायद्याखाली दाद मागता येणार नाही.