स्थानिक वनस्पतींद्वारे भूपुनर्स्थापना

खाणकाम, कचराभूमी, भराव किंवा कारखानदारी यांमुळे मूळ माती व वनस्पती नष्ट झालेल्या जमिनीवर त्याच प्रदेशात निसर्गतः वाढणाऱ्या वनस्पतींच्या साहाय्याने परिसंस्था पुन्हा उभी करण्यास स्थानिक वनस्पतींद्वारे भूपुनर्स्थापना असे म्हणतात. हिरवळ दिसू लागणे हा तिचा केवळ पहिला टप्पा होय. माती टिकणे, पाणी मुरणे, कीटक व पक्षी परतणे आणि लावलेल्या झाडांखाली त्यांची रोपे आपोआप उगवणे ही तिच्या यशाची लक्षणे मानली जातात. मुंबईच्या उपनगरांत अशा जमिनीचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

दगडखाणी

उपनगरांतील बहुतेक टेकड्या बेसॉल्टच्या असून बांधकामाच्या दगडासाठी त्यांतील अनेक फोडण्यात आल्या. अंधेरीतील गिल्बर्ट हिल हा सुमारे ६० मीटर उंचीचा स्तंभाकार खडक भोवतालचा दगड काढून नेल्यानंतर उरलेला भाग आहे. खाणीच्या तळावर माती नसते. यंत्रांखाली दबलेली खडी व भुकटी असते. जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे थेट मोठी रोपे लावली तर ती पहिल्या उन्हाळ्यातच वाळण्याचा धोका असतो.

म्हणून आधी दबलेला थर मोकळा करून मारवेलसारखी गवते व नत्र स्थिर करणाऱ्या शिंबावर्गीय वनस्पती वाढवतात. त्यानंतर धायटी व कुडा यांसारखी काटक झुडपे आणि पुढे पांगारा, पळस, खैर, काटेसावर ही पानझडी झाडे येतात. उभ्या कड्यावर लागवड बहुधा करावीच लागत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून पिंपळ व पायर भेगांत रुजतात.

अशा जमिनीवर मध्य अमेरिकेतून आणलेली ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावण्याचा मार्ग सोपा वाटतो. दोन्ही वेगाने वाढतात, नत्रही स्थिर करतात. मात्र दाट वाढल्यावर त्या स्थानिक रोपांना वाव देत नाहीत आणि स्थानिक वनस्पतींवर अवलंबून असलेल्या कीटकांना त्यांचा फारसा उपयोग नसतो.

कचराभूमी

मिठी नदीकाठी धारावीलगत १९७७ पर्यंत कचरा टाकला जात असे. त्या जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपण झाले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकरांच्या या उद्यानात बाहेरून आलेल्या जातीही आहेत. त्यामुळे ते काटेकोर अर्थाने स्थानिक वन ठरत नाही. तरीही कचऱ्याच्या ढिगावर दाट झाडी उभी राहू शकते, याचे ते मुंबईतील सर्वांत परिचित उदाहरण आहे.

बोरिवलीतील गोराई कचराभूमी २००७ मध्ये बंद झाल्यावर तेथे वेगळा मार्ग स्वीकारण्यात आला. कचऱ्याचा ढीग अभेद्य आवरणाने झाकून त्यावर माती व गवत पसरण्यात आले आणि आतील मिथेन वायू नळ्यांवाटे काढण्याची सोय करण्यात आली. अशा ठिकाणी खोल मुळांची झाडे, स्थानिक असली तरी, अयोग्य ठरू शकतात. मुळांनी आवरण फाटले तर पावसाचे पाणी कचऱ्यात शिरून दूषित द्रव वाढतो. उथळ मुळांची गवते हाच तेथे सुरक्षित पर्याय राहतो.

खाडीकाठ

मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यालगत ठाणे खाडीच्या काठी तिवर, चिपी, कांदळ व मारांडी यांचे कांदळवन आहे. भरावामुळे ते मेले असल्यास केवळ रोपे लावून भागत नाही. राडारोडा काढून भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा आत येऊ द्यावे लागते. पाण्याचा मार्ग मोकळा झाला की तरंगत आलेल्या बिया पुष्कळदा स्वतःच रुजतात. जमिनीची पातळी चुकली असेल तर मात्र हजारो रोपेही मरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांमुळे कांदळवनांच्या तोडीवर व त्यांतील भरावावर कडक निर्बंध आले आहेत. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

कांदळवनापुढील चिखलाचे उघडे पट्टे ओसाड दिसत असले, तरी ती पडीक जमीन नव्हे. २०१५ मध्ये घोषित झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातील रोहित पक्षी अशाच चिखलात अन्न शोधतात. तेथे कांदळवनाची लागवड केल्यास स्थानिक वनस्पती वाढतील, पण पक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र घटेल.