जखम कशाने भरते?

जखम बरी झाली असे आपण म्हणतो, आणि जखम भरून आली असेही म्हणतो. यांपैकी दुसरा वाक्प्रचार पाहणाऱ्याच्या डोळ्याने घडलेला आहे. शरीरात एक खड्डा पडला होता, तो बुजला, एवढेच त्यात सांगितलेले आहे. कशाने बुजला, याविषयी भाषा मौन पाळते. पोते धान्याने भरले तरी भरलेलेच दिसते आणि कोंड्याने भरले तरी भरलेलेच दिसते. दंडाच्या स्नायूला खोल घाव बसला आणि त्या जागी पुन्हा स्नायूच उगवला, तर माणूस कुदळ उचलील. तेथे नुसते चिवट, पांढरट तंतू भरले, तर दंड वरून सांधलेला दिसेल, पण कुदळ जमिनीवरच राहील. हा धान्याचा आणि कोंड्याचा भेद ओळखायला वैद्यकाला फार काळ लागला. त्या काळाचा बराच भाग एका अत्यंत बुद्धिमान, अत्यंत यशस्वी आणि पुढे अत्यंत वादग्रस्त ठरलेल्या शस्त्रवैद्याच्या छायेत गेला. अलेक्सी कारेल हे त्याचे नाव.

कारेल १८७३ साली फ्रान्समधील लियों शहराजवळ जन्मला. लियों हे रेशमाचे शहर. कारेलचे वडीलही रेशमाच्याच धंद्यातले. १८९४ च्या जून महिन्यात फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो त्या शहरात आला असता एका इटालियन अराजकवाद्याने त्याच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. शहरातले नामांकित शस्त्रवैद्य भोवती जमले, पण कापलेली रक्तवाहिनी जोडावी कशी हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि काही तासांत राष्ट्राध्यक्ष गेला. त्या वेळी लियोंमध्ये शिकत असलेल्या कारेलला हे सहन झाले नाही. वाहिनी शिवता आली असती तर तो माणूस वाचला असता, असे तो उघड बोलू लागला. ज्येष्ठांना हे रुचले नसणार. पण मुलगा बोलून थांबला नाही. मादाम लेरुदिए नावाच्या एका नामवंत कशिदाकारिणीकडे जाऊन तो अत्यंत बारीक सुईने आणि रेशमाच्या धाग्याने टाके घालायला शिकला. शस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठे गुरू पुष्कळ सापडतील. त्यांच्या यादीत या बाईंचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

१९०२ साली कारेलने आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील युक्ती ऐकताना इतकी सोपी वाटते की ती आधी कोणाला का सुचली नाही, असे मनात येते. कापलेल्या वाहिनीचे तोंड गोल आणि लिबलिबीत असते. गोल कडेला टाका घालताना सुई समोरच्या भिंतीत शिरते आणि वाट बंद होते. कारेलने दोन्ही तोंडे एकमेकांसमोर आणून सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि ते तीन दिशांना हलकेच ताणले. गोलाचा त्रिकोण झाला. त्रिकोणाच्या बाजू सरळ, आणि सरळ कड शिवणे कोणत्याही शिंप्याला जमते. धाग्याला व्हॅसलीन चोपडलेले असल्यामुळे रक्त साखळण्याचे भयही कमी झाले. पुढे लियोंमध्ये पुढे जाण्याची आशा न उरल्यामुळे १९०४ मध्ये तो अमेरिकेकडे निघाला. प्रथम शिकागो आणि १९०६ पासून न्यूयॉर्कची रॉकफेलर संस्था, असा त्याचा मार्ग झाला.

या शिवणकामाचे मोल काय, हे १९०८ मधील एका प्रसंगावरून कळेल. न्यूयॉर्कमधील एका शस्त्रवैद्याच्या नवजात मुलीचा रक्तस्राव थांबेना. रक्त साठवून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. कारेलने बापाच्या मनगटातली धमनी मुलीच्या पायातल्या शिरेला शिवली. पांढऱ्याफटक पडलेल्या बाळाच्या अंगावर पाहता पाहता लाली चढली, आणि मूल वाचले. रक्ताचे नाते हा शब्द इतक्या अक्षरशः क्वचितच खरा झाला असेल. १९१२ साली रक्तवाहिन्यांची शिवण आणि अवयवरोपण यांवरील कार्यासाठी कारेलला नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तवाहिनीचा प्रश्न हा अखेर मांसाचाच प्रश्न असतो. जर्मन शस्त्रवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान याने १८८१ मध्ये हे दाखवून दिले होते. कोपराजवळ हात मोडलेल्या मुलांच्या हातावर पट्ट्या आवळून बांधल्या की काहींची बोटे पुढे पंजासारखी वळून कायमची ताठ होत. फोल्कमानने सांगितले की हा दोष हाडाचा नव्हे. रक्त अडल्यामुळे स्नायू मेला आणि त्याच्या जागी आखडणारे तंतू भरले. आपल्याकडेही मोडलेल्या हाताला कांबट्या करकचून बांधण्याचा हा परिणाम शस्त्रवैद्यांना ठाऊक आहे. रक्ताविना स्नायू तग धरतो तो सुमारे चार ते सहा तास. त्यानंतर वाहिनी कितीही सुबक शिवली तरी पलीकडे जिवंत काही उरलेले नसते.

मग मेलेला स्नायू पुन्हा उगवू शकतो का? या प्रश्नाच्या उंबऱ्यावर कारेल १९१२ मध्येच येऊन पोहोचला होता, आणि तेथेच त्याची वाट चुकली. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक सूक्ष्म तुकडा काचपात्रात ठेवला. रक्तद्रव आणि गर्भाचा रस हा त्याचा आहार. हा तुकडा वाढतच राहिला. सहकारी एबेलिंग त्याची वर्षानुवर्षे निगा राखीत होता. प्रयोगशाळेतील माणसे काळे झगे आणि काळे बुरखे घालून वावरत, त्यामुळे त्या साऱ्या प्रकाराला देवघराचे सोवळे आले होते. ‘अमर हृदय’ म्हणून वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. पात्रातले हृदय अजून धडधडत आहे, असा लोकांचा समज झाला.

वस्तुस्थिती वेगळी होती. धडधडणारा स्नायू पहिल्या काही महिन्यांतच थांबला होता. पात्रात वाढत होत्या त्या जोडकामाच्या पेशी, म्हणजे जखमेत वण घडवणाऱ्या, खड्डा बुजवणाऱ्या पेशी. धान्य संपून गेले होते आणि कोंडा वाढत होता. कारेलच्या शास्त्रीय लेखांत हे लपवलेले नाही. आपण वाढवीत आहोत त्या कोणत्या पेशी, हे तो लिहीतच असे. परंतु लोकांचा समज मोडण्याची तसदीही त्याने घेतली नाही, आणि ‘हृदय’ हा शब्द आपले काम करीत राहिला.

पहिल्या महायुद्धात त्याचे याच विषयातले खरे भक्कम काम झाले. १९१५ पासून कोंपिएन येथील रुग्णालयात त्याने हेन्री डेकिन या इंग्रज रसायनज्ञाच्या साह्याने जखमा धुण्याची पद्धत बसवली. अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी घावाच्या तळापर्यंत पोहोचवायचे, ही ती पद्धत. प्रतिजैविक औषधे यायची होती. खंदकातल्या मातीने सडलेला पाय कापण्यावाचून तरणोपाय नसे. या धावनाने कित्येकांचे हातपाय राखले. तेथेच लकोंत द्यु नुई याने जखमेची कड पारदर्शक कागदावर उतरवून क्षेत्रफळ मोजले आणि जखम किती दिवसांत मिटेल याचे गणित बसवले. हे काम नेमस्त आणि प्रामाणिक होते. मात्र त्यातही मोजले गेले ते मिटणे. आत काय उगवले, हा प्रश्न तसाच राहिला.

कारेलच्या उत्तरायुष्याविषयी बोलताना जीभ जड होते, पण ते टाळणे योग्य नाही. १९३५ साली त्याने मानवाविषयी एक ग्रंथ लिहिला. तो अनेक भाषांत गेला आणि अफाट खपला. त्यात काही गुन्हेगार आणि वेडे यांना विषारी वायूने संपवावे अशी सूचना आहे. एका राष्ट्राध्यक्षाचे रक्त थांबवता आले नाही म्हणून कशिदा शिकणाऱ्या तरुणाने हे लिहावे, याचा मेळ मला लावता येत नाही. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये विशी सरकारच्या आश्रयाने त्याने एक संस्था चालवली आणि १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये, चौकशीचे सावट डोक्यावर असताना तो वारला. लियोंच्या वैद्यक विद्यालयाला दिलेले त्याचे नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आले. न्यूयॉर्कमधले ते काचपात्र १९४६ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी, बंद झाले.

इतरांना असे अमर पात्र साधत नव्हते. पण नोबेल विजेत्याला जमले ते आपल्याला जमत नाही, तेव्हा दोष आपल्याच हातांचा, असे प्रत्येक जण समजे. १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या निरोगी पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. मग कारेलचे पात्र चालले कसे? आहारातल्या गर्भरसाबरोबर ताज्या पेशी पात्रात पडत असाव्यात, असा तर्क मांडला गेला.

आणि त्याच १९६१ साली, त्याच रॉकफेलर संस्थेत, अलेक्झांडर माउरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. प्रत्येक स्नायुतंतूच्या पृष्ठभागाला चिकटून, त्याच्या बाह्य वेष्टनाच्या आत, एक लहानशी पेशी दडलेली त्याला दिसली. जवळजवळ सगळी जागा तिच्या केंद्रकानेच व्यापलेली. माउरोने तिला उपग्रह-पेशी म्हटले आणि सुचवले की हे कदाचित गर्भकाळापासून निजून राहिलेले स्नायूचे बीज असेल. लेख लहान होता आणि त्याचा गवगवा झाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! दशकानुदशके जगाचे लक्ष ज्या संस्थेतील काचपात्राकडे लागले होते, तेथेच, निरोगी स्नायूच्या कडेला, खरे बी निजले होते.

पुढील संशोधनाने माउरोचा अंदाज खरा ठरवला. तंतू तुटला की ही पेशी जागी होते, दुभंगते. तिची संतती एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवते. २००५ साली लंडनच्या संशोधकांनी उंदरात एकच तंतू रोपला. त्यावरच्या सात इतक्या थोड्या पेशींपासूनही शंभराहून अधिक नवे तंतू उगवू शकतात, असे आढळले. २०१२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून त्याहून विलक्षण वार्ता आली: माणसाच्या मृत्यूनंतर सतरा दिवसांनीही स्नायूतल्या काही बीजपेशी जिवंत सापडल्या. म्हणजे तंतू चार-सहा तासांत मरतो, बी मात्र कितीतरी अधिक टिकते. त्याला रुजायला दोन गोष्टी लागतात: तंतूचे रिकामे वेष्टन शाबूत असावे आणि रक्त परत यावे. मृत तंतू उचलून नेणाऱ्या पेशी रक्तातूनच येतात. त्या आल्या नाहीत तर जागा मोकळी होत नाही आणि तिथे वण धरतो.

येथे शिवणकाम पुन्हा कामाला येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांना झालेल्या २,४७१ दुखापतींचा हिशेब डिबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ मध्ये मांडला. कारेलची पद्धत छापून चाळीस वर्षे उलटून गेली होती, तरी शिवण्याचा प्रयत्न झाला फक्त ८१ जणांत. बाकीच्यांच्या धमन्या बहुधा बांधून टाकल्या गेल्या, आणि एकंदर सुमारे चाळीस टक्के जखमींचे अवयव गेले. कारण कौशल्याच्या अभावाइतकेच वेळेचेही होते. आघाडीवरून रुग्णालयात पोहोचेपर्यंत तास उलटून जात. कोरियाच्या युद्धात जखमींना लवकर हलवू लागले, धमन्या शिवू लागले, आणि अंगच्छेदाचे प्रमाण तेरा टक्क्यांवर आले.

हृदयाची गोष्ट मात्र निराळी. हातापायांच्या स्नायूंतली ती उपग्रह-पेशी हृदयाच्या स्नायूत नाही. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी अणुस्फोटांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बनच्या आधारे हृदयपेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून झटक्याने मेलेल्या हृदयभागात आजही वणच भरतो, आणि तो धडधडत नाही.